युरोपीय महिला हँडबॉल स्पर्धा: मुख्य फेरीचा पहिला सामना होण्याआधीच संघांच्या खात्यात गुण कसे?

प्रश्न: अर्धरेषा

नमस्कार. २०२४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रिया, हंगेरी आणि स्वित्झर्लंड या तीन देशांत झालेली युरोपीय महिला हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा मी अलीकडे चित्रफितींवरून सलग पाहिली. हा खेळ मला नवा आहे, तरी नियम पाहता पाहता बरेचसे उमगले. सहा मीटरच्या रेषेच्या आत फक्त गोलरक्षकाने उभे राहायचे, धोकादायक बचावाबद्दल दोन मिनिटे मैदानाबाहेर बसायचे, आणि आक्रमणात वेळकाढूपणा दिसून पंचांनी हात वर केला की जास्तीत जास्त चार पासांनंतर गोलवर फेक झालीच पाहिजे, इथपर्यंत अडचण आली नाही. अडले ते गुणतक्त्यापाशी.

साखळी फेरी संपून मुख्य फेरी सुरू व्हायची होती, तेव्हा व्हिएन्नाच्या गटात नॉर्वे, डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांच्या नावापुढे प्रत्येकी दोन गुण आधीच मांडलेले होते, तर जर्मनी, स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंड यांच्यापुढे शून्य होते. या गटातला एकही सामना तोवर झालेला नव्हता. हे गुण कुठून येतात? साखळीतले सगळेच गुण पुढे येत असतील, तर साखळीत तिन्ही सामने जिंकलेल्या नॉर्वेकडे सहा गुण असायला हवे होते. तसेही दिसत नाही.

याला जोडून दुसरी शंका अशी की, बलाढ्य संघाला आधीच पुढे ठेवणाऱ्या या पद्धतीमुळेच तर नॉर्वेची एवढी मक्तेदारी झालेली नाही ना? १९९४ पासून २०२४ पर्यंत ही स्पर्धा सोळा वेळा झाली आणि त्यांतली दहा विजेतेपदे एकट्या नॉर्वेची आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर: सात मीटर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. साखळी गटातून जे संघ पुढे जातात, त्यांच्या आपापसांतल्या सामन्यांचे निकाल मुख्य फेरीत तसेच धरले जातात आणि बाद झालेल्या संघांविरुद्धचे निकाल पुसले जातात. पण या नियमामागचा विचार नीट पाहिल्याशिवाय तक्ता वाचण्यात गोडी वाटणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

२०२४ मध्ये प्रथमच चोवीस संघ खेळले. चार-चार संघांचे सहा गट होते आणि प्रत्येक गटातले पहिले दोन संघ मुख्य फेरीत गेले. मुख्य फेरीत सहा-सहा संघांचे दोनच गट असतात. त्यांपैकी एक डेब्रेत्सेनला खेळला, दुसरा व्हिएन्नाला. प्रत्येक मुख्य गटात तीन साखळी गटांतून आलेल्या तीन जोड्या असतात. नॉर्वे आणि स्लोव्हेनिया एकाच साखळी गटातून आले होते, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड दुसऱ्या, तर नेदरलँड्स आणि जर्मनी तिसऱ्या. या जोड्या एकमेकींशी आधीच खेळून झालेल्या असल्यामुळे तोच सामना पुन्हा न खेळवता त्याचा निकाल कायम ठेवतात. म्हणून प्रत्येक संघ मुख्य फेरीत पाच नव्हे तर चारच नवे सामने खेळतो, आणि पाचव्याचे गुण, म्हणजे दोन, एक किंवा शून्य, बरोबर घेऊन येतो. नॉर्वेने स्लोव्हेनियाला हरवले होते, त्याचे ते दोन गुण. बाकीचे चार गुण बाद झालेल्या संघांविरुद्धचे होते, ते गेले.

तेव्हा तक्त्यात दिसणारी आघाडी ही सवलत नव्हे. ते सहा संघांच्या पूर्ण साखळीतले आधीच खेळलेले सामने आहेत, आणि हे ध्यानात ठेवले की तक्त्यात काहीच विचित्र उरत नाही.

मात्र या नियमाची खरी धार पुढच्या टप्प्यात लागते. या स्पर्धेत उपउपांत्य फेरी नाही. सहा संघांच्या मुख्य गटातून फक्त पहिले दोन संघ उपांत्य फेरीत जातात, तिसऱ्या क्रमांकाच्या दोन संघांना पाचव्या स्थानासाठीचा सामना मिळतो आणि बाकीचे घरी जातात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही गुण पुढे नेण्याची पद्धत आहे, पण तिथे मुख्य फेरीनंतर आठ संघांना संधी उरते. युरोपात चारच. त्यामुळे स्पर्धेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गमावलेला सामना दहा दिवसांनी उपांत्य फेरीचे दार बंद करू शकतो.

उत्तर: जाळीमागून

'सात मीटर' यांनी पद्धत अचूक सांगितली आहे. तिच्यात अन्याय नाही, या त्यांच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. आणि गंमत अशी की, माझे उदाहरण ज्या संघाला या नियमाचा फायदा मिळतो असे तुम्हांला वाटते, त्या नॉर्वेचेच आहे.

२०१८ ची स्पर्धा फ्रान्समध्ये होती. तेव्हा सोळा संघ असत. चार साखळी गट, आणि प्रत्येक गटातून तीन संघ पुढे. म्हणजे मुख्य फेरीत एका नव्हे तर दोन सामन्यांचे निकाल बरोबर येत. गतविजेता नॉर्वे पहिल्याच सामन्यात जर्मनीकडून ३२-३३ असा एका गोलने हरला आणि नंतर रोमानियाकडून २३-३१ असा. गटातला चौथा संघ चेक प्रजासत्ताकाचा होता, त्याला नॉर्वेने हरवले. पण तो संघ बाद झाल्यामुळे नेमका तोच विजय पुसला गेला. नॉर्वे मुख्य फेरीत शून्य गुणांनी उतरला. तिथे त्याने नेदरलँड्स, हंगेरी आणि स्पेन या तिघांनाही हरवले. मुख्य फेरीत एकही सामना न गमावता तो गटात तिसरा राहिला, कारण रोमानियाचे गुण तेवढेच असूनही परस्परांतल्या निकालांच्या हिशेबात रोमानिया वरचढ ठरली. पाचव्या स्थानाच्या सामन्यात नॉर्वेने स्वीडनला हरवले आणि स्पर्धा तिथे संपली. रोमानियासाठीही मुख्य फेरीचा शेवट निखळ आनंदाचा नव्हता: हंगेरीविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात क्रिस्टिना नेगू हिच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि या स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारी ही खेळाडू आपल्या संघाच्या उपांत्य सामन्यात मैदानाबाहेर राहिली.

याच्या शेजारी २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक ठेवून पाहा. तिथेही नॉर्वे पहिला सामना स्वीडनकडून हरला. पण ऑलिंपिकमध्ये सहा-सहा संघांचे दोन गट असतात, प्रत्येकी चार संघ उपउपांत्य फेरीत जातात आणि तिथून पुढे मागचे काही मोजले जात नाही. नॉर्वेने त्यानंतरचे सगळे सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सला हरवून सुवर्णपदक घेतले. दोन्ही स्पर्धांत सुरुवात अडखळतच झाली होती, पण एका पद्धतीने संघाला सावरायला वेळ दिला आणि दुसरीने दिला नाही. मोठी स्पर्धा जिंकणारे संघ बहुधा खेळता खेळता बहरत जातात, पहिल्या दिवशी ते आपल्या सर्वोत्तम खेळावर नसतात, असे मला वर्षानुवर्षे पाहून वाटत आले आहे. म्हणून हा नियम बलाढ्य संघांना मदत करतो असे म्हणण्यापेक्षा सुरुवातीपासून तयार असलेल्या संघांना मदत करतो, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

चोवीस संघांच्या विस्ताराबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. नव्या देशांना प्रवेश मिळाला ही चांगलीच गोष्ट झाली. फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाचा महिला संघ २०२४ मध्ये पहिल्यांदा या स्पर्धेत खेळला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु गटातून तीनऐवजी दोनच संघ पुढे जाऊ लागल्याने तिसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या संघाला आता तीन सामन्यांतच परतावे लागते. २००८ आणि २०१४ मध्ये अंतिम सामना खेळलेला स्पेनचा संघ २०२४ मध्ये फ्रान्स आणि पोलंड यांच्या मागे राहून असाच बाद झाला. जुन्या पद्धतीत तो मुख्य फेरीत असता.

उत्तर: डावी बगल

मक्तेदारीच्या शंकेबद्दल लिहिते, कारण नॉर्वेचा संघ हा माझ्या आवडीचा आणि अभ्यासाचा विषय आहे.

आधी आकडे. सोळांपैकी तेरा स्पर्धांत नॉर्वेने अंतिम सामना खेळला आहे. १९९४, २००० आणि २०१८ एवढ्या तीनच वेळा तो अंतिम सामन्यात नव्हता. तेरांपैकी १९९६ आणि २००२ मध्ये डेन्मार्ककडून, तर २०१२ मध्ये माँटेनेग्रोकडून तो हरला. स्पर्धेची रचना या काळात अनेकदा बदलली, संघांची संख्या बारावरून सोळावर आणि सोळावरून चोवीसवर गेली, पण नॉर्वे अंतिम सामन्यात येतच राहिला. तेव्हा कारण गुणपद्धतीत नाही, हे उघड आहे.

मला सर्वांत बोलकी वाटते ती ही गोष्ट: ही दहाही विजेतेपदे केवळ दोन प्रशिक्षकांच्या कारकिर्दीतली आहेत. मारित ब्रेविक यांनी १९९४ ते २००९ या काळात संघ सांभाळला आणि १९९८, २००४, २००६ व २००८ अशी चार विजेतेपदे मिळवली. त्यांचे सहायक असलेले आइसलँडचे थोरिर हेर्गेइर्सन २००९ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२४ ची स्पर्धा जिंकून पायउतार होईपर्यंत त्यांनी २०१०, २०१४, २०१६, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी सहा मिळवली. म्हणजे तीस वर्षांत प्रशिक्षक एकदाच बदलला, तोही आतूनच. ब्रेविक यांनी खेळाडूंना निर्णयांत सहभागी करून घेण्याची रीत घातली, संघातली जबाबदारी एका कर्णधारावर न टाकता खेळाडूंच्या लहान गटांत वाटली, आणि हेर्गेइर्सन यांनी ती रीत मोडली नाही. इतर देशांत एखादी स्पर्धा फसली की प्रशिक्षक जातो, नवा येतो, बचावाची पद्धत बदलते आणि दोन वर्षे पुन्हा जुळवाजुळवीत जातात.

मैदानावर पाहाल तर नॉर्वेचा खेळ तीन गोष्टींवर उभा असतो. बचावफळी सहा मीटरच्या रेषेलगत घट्ट उभी राहून प्रतिस्पर्ध्याला दुरून, अवघड कोनातून फेक करायला लावते. तशी फेक अडवणे गोलरक्षकाला सोपे जाते. आणि चेंडू गोलरक्षकाच्या हाती येताच दोन्ही बगलांच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या, खेळाडू पलीकडच्या गोलकडे धावत सुटलेल्या असतात. पहिल्या धावेत गोल झाला नाही, तर मागून येणाऱ्या खेळाडूंची दुसरी लाट बचाव सावरण्याआधीच त्यांच्यावर येऊन आदळते. अशा गोलांसाठी आक्रमणाची रचना करावी लागत नाही, म्हणून त्यांत शक्ती कमी खर्च होते, आणि दोन-अडीच आठवड्यांत नऊ सामने खेळायचे असतील तर शिल्लक राहिलेली शक्ती फार मोलाची ठरते. या साखळीची पहिली कडी गोलरक्षक आहे. कात्रिने लुंडे २००४ च्या विजेत्या संघात होती आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी २०२४ च्या विजेत्या संघातही होती. नॉर्वेच्या यशाबद्दल लिहिणारे बहुतेक जण गोल करणाऱ्या खेळाडूंची नावे आधी घेतात. मी लुंडेचे नाव आधी घेईन.

मागे काय आहे तेही पाहायला हवे. नॉर्वेत हँडबॉल हा प्रामुख्याने मुलींचा आणि स्त्रियांचा खेळ आहे, नोंदणीकृत खेळाडूंत त्यांचीच संख्या अधिक आहे. शिवाय तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळाविषयी जे नियम केले, त्यांनुसार अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. लहान वयात मुलगी 'कच्ची' म्हणून गळून पडत नाही, ती खेळत राहते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी निवड करायची वेळ येते तेव्हा निवडायला पुष्कळ खेळाडू हाताशी असतात. कर्णधार स्टीने ब्रेडाल ओफ्टेडाल पॅरिस ऑलिंपिकनंतर निवृत्त झाली; कोणत्याही संघाला तिच्यासारखी, मधून आक्रमणाची सूत्रे हलवणारी खेळाडू गमावणे जड गेले असते. पण त्याच डिसेंबरात नॉर्वेने नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात डेन्मार्कला ३१-२३ असे हरवले. हेनी रेइस्टाड त्या स्पर्धेची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, २०२२ मध्येही तीच होती.

अर्धरेषा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तक्ता आता स्पष्ट झाला. उत्तरे वाचून आणखी दोन प्रश्न पडले. पहिला: नॉर्वे आणि डेन्मार्क मुख्य फेरीत एकाच गटात होते आणि एकमेकांशी खेळलेही होते, मग अंतिम सामन्यात ते पुन्हा समोरासमोर कसे आले, आणि त्या आधीच्या निकालाला तिथे काही वजन असते का? दुसरा: नॉर्वेचा पाया एवढा खोल असेल, तर २०१२ मध्ये माँटेनेग्रोसारख्या लहान देशाने त्याला अंतिम सामन्यात कसे हरवले?

सात मीटर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. उपांत्य फेरीत एका गटातल्या पहिल्याची गाठ दुसऱ्या गटातल्या दुसऱ्याशी पडते. त्यामुळे एकाच मुख्य गटातले दोन्ही संघ उपांत्य सामने जिंकले, तर अंतिम सामन्यात त्यांची पुन्हा भेट होते. २०२४ मध्ये नॉर्वेने हंगेरीला आणि डेन्मार्कने फ्रान्सला हरवले, म्हणून तसे झाले. उपांत्य फेरीपासून मागचे काहीही मोजत नाहीत. २०२२ मध्ये तर मुख्य फेरीच्या सामन्यात डेन्मार्कने नॉर्वेला हरवले होते. ल्युब्लियानाच्या अंतिम सामन्यातही शेवटच्या टप्प्यापर्यंत डेन्मार्कच पुढे होता, आणि तिथून नॉर्वेने तो २७-२५ असा फिरवला. ज्यांना या दोन संघांची चुरस समजून घ्यायची आहे, त्यांनी हे दोन्ही सामने लागोपाठ पाहावेत.

'जाळीमागून' यांनी परस्परांतल्या निकालांचा उल्लेख केला आहे, त्यात एक भर घालतो. गुण समान झाल्यास आधी पाहतात ते बरोबरीत असलेल्या संघांमधल्या सामन्यांचे गुण, मग त्याच सामन्यांतला गोलफरक, मग त्याच सामन्यांत केलेले गोल. एकूण गोलफरकाची पाळी त्यानंतर येते. म्हणून दुबळ्या संघाविरुद्ध वीस गोलांनी जिंकण्यापेक्षा तुल्यबळ संघाविरुद्ध पाचऐवजी तीन गोलांनी हरणे अधिक उपयोगाचे ठरू शकते. शेवटच्या दोन मिनिटांत हरत असलेला संघ जिवाच्या आकांताने गोल करायला का धावतो, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

जाळीमागून

२०१२ विषयी मी लिहितो. तो सामना मी पुनःपुन्हा पाहिला आहे आणि अजूनही पाहतो.

माँटेनेग्रोची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास आहे आणि स्वतंत्र देश म्हणून तो २००६ पासूनच खेळतो. पण २०१२ चा तो संघ अचानक उगवलेला नव्हता. पॉदगोरित्साचा 'बुदुच्नोस्त' हा क्लब त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला होता, आणि राष्ट्रीय संघाचा गाभा याच क्लबच्या खेळाडूंचा होता. प्रशिक्षकही एकच, द्रागान अजिच. बोयाना पोपोविच, कातारिना बुलातोविच यांच्यासारख्या खेळाडूंनी त्या क्लबात रोज एकत्र सराव केलेला होता. राष्ट्रीय संघांना एरवी वर्षातून मोजकेच आठवडे एकत्र मिळतात. माँटेनेग्रोला ते वर्षभर मिळाले. 'डावी बगल' यांनी नॉर्वेबद्दल ज्या सातत्याचा उल्लेख केला, ते माँटेनेग्रोने दुसऱ्या वाटेने साधले होते.

ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नॉर्वेने त्यांना २६-२३ असे हरवले होते. चारच महिन्यांनी बेलग्रेडमध्ये हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. साठ मिनिटांत निकाल लागला नाही. पाच-पाच मिनिटांच्या दोन डावांची अतिरिक्त वेळ झाली, तरी लागला नाही. दुसऱ्या अतिरिक्त वेळेत, म्हणजे सत्तर मिनिटे खेळून झाल्यावर, माँटेनेग्रोने ३४-३१ असा विजय मिळवला. नॉर्वेकडे राखीव खेळाडूंची फळी मोठी, त्यामुळे सामना जितका लांबेल तितका तो नॉर्वेकडे झुकणार, असेच कोणीही म्हटले असते. घडले उलट. पोपोविचने तो सामना खेळून राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

मात्र अशा संघाची मर्यादाही तिथेच आहे. एका क्लबच्या एका पिढीवर उभा असलेला संघ त्या पिढीबरोबर ओसरतो. माँटेनेग्रोला या स्पर्धेतले पुढचे पदक मिळायला २०२२ उजाडले. तेव्हा त्यांनी फ्रान्सला अतिरिक्त वेळेत हरवून कांस्य मिळवले आणि २०१२ च्या संघातल्या योवांका रादिचेविचने त्या पदकानिशी राष्ट्रीय संघातली कारकीर्द संपवली.

डावी बगल

एक छोटी पुस्ती. पुढची स्पर्धा २०२६ च्या डिसेंबरात रोमानिया, चेक प्रजासत्ताक, पोलंड, स्लोव्हाकिया आणि तुर्किये अशा पाच देशांत आहे आणि संघ चोवीसच असणार आहेत. 'अर्धरेषा', आपण ती थेट पाहणार असाल, तर साखळीतल्या प्रत्येक गटात पुढे जाण्याची सर्वाधिक शक्यता असलेले दोन संघ आधी हेरून ठेवा आणि त्या दोघांमधला सामना अजिबात चुकवू नका. तो पहिल्या दिवशी असो वा तिसऱ्या, त्याचे गुण मुख्य फेरीच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत तक्त्यात राहतात. नॉर्वेसाठी ती पहिलीच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा असेल, जिच्यात ब्रेविकही नाहीत आणि हेर्गेइर्सनही नाहीत. संघ आता उले गुस्ताव येकस्टाड यांच्या हाती आहे. मी स्वतः त्यांच्या सामन्यांत गोलपेक्षा बचावफळीकडे जास्त लक्ष ठेवणार आहे, कारण काही बदल झाला असेल तर तो आधी तिथे दिसेल.